एकाच मॅटरची लीव्ह नोट

वकिलाला रजा हवी असली की तो कोणाची परवानगी मागत नाही, फक्त कळवतो. त्या कागदाला आमच्याकडे लीव्ह नोट म्हणतात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी बाहेरगावी असल्याने या काळात माझी प्रकरणे सुनावणीस घेऊ नयेत, ही नम्र विनंती. खाली प्रकरणांचे नंबर आणि सही. एकेक प्रत प्रत्येक कोर्टात द्यायची, एकेक समोरच्या वकिलांना. न्यायाधीश साहेबांनी ती मानलीच पाहिजे असं काही नाही, पण सहसा मानतात. घरात लग्नं आणि दुखणी सगळ्यांच्याच असतात.

माझ्या सरांच्या लीव्ह नोटा मीच टाइप करायचे. सर मुलीच्या बाळंतपणाला गेले, गुडघ्याच्या उपचारांना केरळला गेले, एकदा शाळेतल्या मित्रांबरोबर सिमल्याला गेले आणि तिथून मला बर्फाचे फोटो पाठवत राहिले. मी प्रत्येक वेळी कागद घेऊन पालघरच्या कोर्टाच्या सगळ्या मजल्यांवर फिरायचे आणि पोचपावतीच्या सह्या आणायचे. सरांच्या रजेच्या दिवसांत मी कोर्टात असायचेच, कारण सर रजेवर आहेत हे उभं राहून सांगायला कोणीतरी लागतं.

मला स्वतःला मात्र लीव्ह नोट टाकता येत नव्हती. कोणी मनाई केली नव्हती. पण लीव्ह नोटेत प्रकरणांचे नंबर लिहावे लागतात, आणि माझ्याकडे लिहायला एकही नंबर नव्हता. पक्षकार ज्या कागदावर सही करून सांगतो की हा माझा वकील, ते वकीलपत्र; आणि आमच्या ऑफिसातली झाडून सगळी वकीलपत्रं सरांच्या नावाची होती. मी उभी राहायचे ती सरांच्या वतीने. तारीख मागायचे ती सरांच्या वतीने. कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशी काय घडलं ते लिहितात त्या नोंदीत, मी कधी आलेच नव्हते. मग न येण्याची नोंद तरी कशी होणार?

पगाराचंही तसंच. महिनाअखेरीला सर खिशातून घडी घातलेल्या नोटा काढत आणि माझ्यासमोरच्या फायलीखाली सरकवत. ‘पेट्रोलला असू दे,’ असं म्हणत. माझ्याकडे गाडी नव्हती. पहिल्या वर्षी हे त्यांना सांगावं असं मला फार वाटायचं. पुढे कळलं की त्यांना ते माहीत आहे. पगार म्हटलं की किती द्यायचा, कधी वाढवायचा, हे सगळं बघावं लागतं. पेट्रोलला तसलं काही नसतं. ज्युनियर शिकायला येतो, कमवायला नाही, असं त्यांच्या सरांनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते वडिलोपार्जित मिळकतीसारखं जपलं होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्याशिवाय एकट्याने कधी चहा प्यायले नाहीत. उलटतपासात कुठे थांबायचं हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. पण खोलीचं भाडं उलटतपासावर भागत नाही, हेही खरं.

माझं घर केळव्याला. थोडी नारळ-सुपारी आणि एक पानवेलीची वाडी. आई मी लॉ कॉलेजात असताना गेली, तेव्हापासून बाबा एकटे. माझ्या वर्गातल्या मुली मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये लागल्या. त्यांना महिन्याला पगार, वर्षाला ठरलेल्या रजा, आणि रजा मंजूर झाली की मोबाईलवर निरोप. मी पालघरला आले ती बाबांच्या जवळ राहता यावं म्हणून. गंमत अशी की जवळ राहता आलंच नाही. सकाळी कोर्ट पालघरला, आणि संध्याकाळी सरांचं ऑफिस बोईसरला, स्टेशनाजवळ. ऑफिस बंद व्हायचं तेव्हा केळवे रोड स्टेशनला उतरूनही उपयोग नसे, पुढे गावात जायला रिक्षा मिळायची नाही. म्हणून बोईसरला खोली घेतली. गावापासून इतक्या जवळ राहून इतक्या क्वचित घरी जाणारी आमच्या वाडीतली मी एकटीच असेन.

बोईसरच्या त्या इमारतीत बहुतेक खोल्यांमध्ये कारखान्यांतली मुलं राहायची, एका खोलीत पाच-सहा. जिन्यात सतत हिंदी, कोणाची तरी पाळी संपलेली, कोणाची लागायची असलेली. त्यांच्या खोल्यांतून हसण्याचे आवाज यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास यायचा आणि सगळे आपापल्या खिडक्या लावून घ्यायचे. मीही लावायचे. मग खोलीत मी, कुकर आणि सरांच्या फायली; सोमवारच्या तयारीत रविवारही जायचा. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाले की सोमवारी कोर्टात पुकारा होईपर्यंत कित्येकदा माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी ‘तारीख मिळावी, साहेब’ म्हणताना घसा खरखरायचा. साहेबांना वाटायचं, मुलगी घाबरते.

बाररूममध्ये खुर्च्यांवर नावं नव्हती, पण प्रत्येक खुर्ची कोणाची ना कोणाची होती. बाई असो की बुवा, ज्युनियरने बसायचं ते खुर्चीवाला येईपर्यंत. तीनदा उठवल्यावर मी बसणं सोडलं. डबा घेऊन कोर्टाबाहेरच्या बाकावर जायचे. तिथे पक्षकार बसतात. काळा कोट पाहून ते उठायला लागायचे, नाहीतर केसबद्दल विचारायला लागायचे, त्यामुळे मी कोट काढून मांडीवर घ्यायचे आणि खाली बघत जेवायचे.

खुर्ची नव्हती, पण सल्ला मात्र भरपूर मिळायचा. कुठल्या बाजूची वकिली करावी यावर बाररूममधल्या प्रत्येकाचं मत होतं. एक म्हणायचे, दिवाणीत राहा. दिवाणी म्हणजे नारळ, धरायला वेळ लागतो पण मग पिढ्या बसून खातात. दुसरे म्हणायचे, फौजदारीत पैसा रोख, पण तुला वेळी-अवेळी पोलीस ठाण्यात कोण पाठवणार? तिसऱ्यांच्या मते बाईने कौटुंबिक प्रकरणं करावीत, कारण बायका बाईपुढे मोकळेपणी रडतात. सर स्वतः जमिनींचं काम करायचे. जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वेसाठी जमिनी जात होत्या, त्यामुळे संपादनाच्या मोबदल्याचं पीक जोरात होतं. मला कामगारांची प्रकरणं करायची होती. का, ते मला नीट सांगता यायचं नाही. जिन्यातली ती मुलं रोज दिसायची, एवढंच असेल. हे मी एकदाच बोलून दाखवलं. ‘कामगारांची बाजू घेतलीस तर पुण्य मिळेल,’ नारळवाले म्हणाले, ‘आणि कंपनीची घेतलीस तर फ्लॅट.’ सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरंच चांगलं बोलले होते.

पावसाळा संपत असताना एक बाई सरांच्या ऑफिसात आली. जव्हारकडची, वयाने माझ्या आईएवढी. डोंगरउतारावर थोडी नाचणी पिकवायची आणि उरलेल्या दिवसांत ठेकेदारामार्फत तारापूरला एका कारखान्यात झाडलोट, धुणंपुसणं करायची. तिथे उकळतं पाणी उडून उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ठेकेदाराचं म्हणणं, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की हे आमचं काम नाही.

मी तिला एसटीचा थांबा दाखवायला खाली गेले. जिना उतरून झाल्यावर तिने माझ्या कोटाकडे बघितलं.

“तुमी पन वकील हाव ना?”

“हो.”

“मंग तुमी करा.”

मी वर येऊन सरांना विचारलं. ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, “कर की. ऑफिसच्या वेळेत नको. आणि फी मागायला लाजू नकोस, नाहीतर जन्मभर पेट्रोलवर राहशील.”

दुसऱ्या खेपेला बाई आली तेव्हा मी वकीलपत्राचा छापील कागद तिच्यापुढे ठेवला. वकिलाच्या नावाच्या जागी मी माझं नाव लिहिलं. एरवी माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते फार वाईट आलं. तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि शाई पुसायला पदर पुढे केला, तर मी माझा रुमाल दिला. भरपाईचा अर्ज दाखल झाला, नंबर पडला. समोर कारखान्याच्या विमा कंपनीचे वकील उभे राहिले, केस पांढरे झालेले आणि बोलायला गोड. दोन तारखा नुसत्या नोटिशीत गेल्या. दोन्ही वेळा बाई अंधारात घरून निघून, मनोरवरून एसटीने आली, मागच्या बाकावर बसली आणि तारीख घेऊन परत गेली. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. वकिलाने पक्षकारात फार गुंतू नये, असं सर सांगायचे.

दिवाळीनंतर मला तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फोन आला. बाईचा हात भाजला ती नव्हे, दुसरीच. त्यांना कायद्याचं बघणारं माणूस हवं होतं. मी मुलाखतीला गेले. त्यांनी मला गार हवेच्या खोलीत बसवलं, माझ्या खुर्चीवरून मला कोणी उठवलं नाही, आणि आठवड्याने निवड झाल्याचा फोन आला. तिथल्या भरतीचं बघणारी एक मुलगी बोलत होती, माझ्याहून लहान असेल. पगार सांगितला. मग रजा सांगायला लागली. किरकोळ रजा इतक्या, आजारपणाच्या इतक्या, आणि वर प्रिव्हिलेज लीव्ह.

“ती कसली?” मी विचारलं.

“तुमच्या हक्काची, मॅम.”

मी म्हटलं, आवाज नीट आला नाही. आला होता. परत ऐकायचं होतं. तिने परत सांगितलं.

एकच गोष्ट होती. पगारी नोकरी धरायची तर वकिलाला आपली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलकडे स्थगित करून ठेवावी लागते. नोकर माणसाला कोर्टात कोणासाठी उभं राहता येत नाही. म्हणजे कोट कपाटात, आणि बाईच्या वकीलपत्रावर माझ्या जागी दुसरं कोणी. तिने दुसरा वकील शोधायचा आणि मी ‘हरकत नाही’ असं लिहून सही करायची. शिवाय पुढे कधी असाच हात भाजलेलं माणूस त्या कंपनीच्या दाराशी आलं, तर मी दाराच्या आतल्या बाजूला असणार होते. हे मला कळत होतं. पण बोईसरच्या खोलीत कुकरची शिट्टी होईपर्यंत भिंतीकडे बघत बसल्यावर माणूस दाराच्या कुठल्या बाजूला आहे याचा फार विचार करत नाही, आत माणसं आहेत का एवढंच बघतो. उत्तर द्यायला त्यांनी मला दोन आठवडे दिले.

त्याच सुमारास बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली. त्यांना पिकलेलं पान आणि कोवळं पान वेगळं दिसेनासं झालं होतं. पानांचा व्यापारी कुरकुरायला लागला, तेव्हा कुठे ते ऑपरेशनला तयार झाले. वसईच्या दवाखान्यात सकाळी ऑपरेशन, दुपारी घरी. पुढे आठवडाभर थेंब घालायचे, वाकायचं नाही, धूळ नको. दुसरं माणूस घरात हवंच.

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. “सर, लीव्ह नोट टाकायची आहे.”

“कोणाची?” त्यांना वाटलं, मी त्यांचंच काही विसरले.

“माझी.”

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची दयाच आली. मी कारण सांगितलं. ते काही वाईट बोलले नाहीत. ‘वडील आहेत, गेलंच पाहिजे,’ म्हणाले, आणि कुठल्या फायली कुठे ठेवून जायच्या ते सांगत बसले. त्या महिन्यात पेट्रोल कमी मिळालं. मी गाडी कमी चालवली असणार.

खरं तर सरांच्या तोंडी परवानगीवर भागलं असतं. पण बाईची तारीख नेमकी ऑपरेशनच्या दिवशी होती. म्हणजे माझ्याकडे लिहायला एक नंबर होता. मी लीव्ह नोट टाइप केली. सरांच्या नोटेत नंबरांचा रकाना पानभर जायचा. माझ्या नोटेत एकच ओळ, खाली कोरा कागद. मी अक्षरांचा आकार वाढवून बघितला, मग लाज वाटून परत कमी केला.

कोर्टातल्या कारकुनांनी कागद उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

“एकच मॅटर, मॅडम? तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“मला लेखी द्यायची आहे.”

त्यांनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. विमा कंपनीच्या वकिलांना प्रत दिली, तर ते गोड हसून म्हणाले, “अरे वा, लीव्ह नोट? म्हणजे आता तुम्ही वकील झालात.” मला ते आवडलं आणि त्यांचा रागही आला. चार वर्षं मी त्याच कोर्टात उभी राहत होते.

बाईला मी तिच्या शेजाऱ्याच्या फोनवर निरोप दिला. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी नाही, नुसती तारीख पडेल, येऊ नका, भाडं फुकट जाईल. ती ‘बरं’ म्हणाली.

मी दोन दिवस आधीच केळव्याला गेले. इतके सलग दिवस घरी राहायला मिळणार म्हणून मी खुशीत होते. पण घराला एका माणसाची सवय झाली होती. फळीवर एक ताट, एक कप. बाबांना दिसत नव्हतं तरी कुठली वस्तू कुठे हे त्यांच्या हाताला पाठ होतं, आणि मी प्रत्येक गोष्ट उचलून भलतीकडे ठेवत होते. ते ती चाचपडत पुन्हा जागेवर आणून ठेवायचे. मी त्यांना विचारलं, कंपनीची नोकरी घेऊ का? ते ओटीवर बसून नारळाच्या झावळ्या सोलत होते, अंदाजाने.

“तुला काय वाटतंय?”

“पगार आहे. रजा आहेत. रविवारी घरी येता येईल.”

“मंग घे की.” एक झावळी बाजूला ठेवून म्हणाले, “मी गावात सगल्यांना सांगतो, आमची पोर कोर्टात हाय. आता कंपनीत हाय सांगायचं. तेवडंच.”

त्या रात्री नोकरी स्वीकारते असा मेल मी मोबाईलवर लिहून ठेवला. मुदत ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी संपत होती. बाबांचं नीट होऊ दे, मग पाठवू, म्हणून तो तसाच ठेवला. पण माझं ठरलं होतं. मी थकले होते. कामाने नव्हे. काम मला आवडायचं. कोणाच्याच हिशेबात नसण्याने थकले होते.

ऑपरेशन सुरळीत झालं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दुपारी परत आलो. बाबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याला तसंही धड दिसत नव्हतं. त्यांना ओटीवर झोपाळ्याशेजारच्या खाटेवर टेकवलं. रस्त्यावरून मुंबईची एक गाडी थांबली, आतल्या लोकांनी बीच कुठे म्हणून विचारलं, बाबांनी डोळ्यावर पट्टी असतानाच हात करून दाखवलं. मी चहा ठेवला आणि मेल पाठवायला मोबाईल हातात घेतला. आधी सवयीने कोर्टाचा रोजनामा उघडला, पुढची तारीख बघायला.

‘अर्जदार जातीने हजर. अर्जदाराचे वकील रजेवर.’ आणि पुढची तारीख.

पहिल्यांदा मला संताप आला. इतकं बजावून सांगितलं होतं. आता परत जायची एसटी, वाया गेलेला दिवस, तो हात. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे एसटी स्टँडचा गलका.

“बाय, मी बोलतंय. तारीक पडली.”

“मी सांगितलं होतं ना येऊ नका म्हणून?”

“सांगलं व्हतं.”

“मग कशाला आलात?”

“तुमी नाय, मी पन नाय, मंग तितं आपलं कोन?”

तिला वाटलं, फोन कटला. मोठ्याने सांगायला लागली. “नाव पुकारलं, मी उबी रायली. सायेब बोलला, वकील कोन? मी सांगली, माजी वकीलबाय हाय. आज तिच्या बापाचा डोला केलाय म्हनून नाय आली. पुडच्या खेपंला येल. सायेबानं इचारलं, नाव काय तिचं? मी तुमचं नाव सांगलं. मंग त्यांनी तुमचा कागद काडला आनि रजा लिवली.”

“बरं,” मी म्हटलं.

“बापाला दिसतंय काय?”

“उद्या पट्टी काढतील.”

“दिसंल,” ती म्हणाली, आणि ज्याचा फोन होता त्याला तो देऊन टाकला.

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. चार वर्षांत त्या कोर्टात माझं नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलं ते मी नसताना, मागच्या बाकावरून उठून पुढे आलेल्या एका बाईने, आणि तिने मला ‘माजी वकीलबाय’ म्हटलं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. घरात बघणारा एकच माणूस होता आणि त्याच्या डोळ्यावर पट्टी होती.

“कोनाचा फोन व्हता?” बाबांनी ओटीवरून विचारलं.

मी चहा घेऊन बाहेर गेले आणि सांगितलं. मी कोर्टात नव्हते म्हणून ती बाई जाऊन बसली होती, जव्हारच्या पुढून येऊन. बाबांनी कप दोन्ही हातांत धरला.

“मंग ते कंपनीचं?”

“नाही म्हणून कळवते.”

“म्हंजे पगार नाय.”

“पगार नाही.”

“आनि रजा?”

“रजा टाकता येते आता, बाबा. मी नसले तर अडतं तिथे कोणाचं तरी.”

त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही. आपली मुलगी इतकी वर्षं कोर्टात आहे म्हणजे तिचं तिथे अडत असणारच, असं ते धरूनच चालले होते. लिहून ठेवलेला मेल मी पुसला आणि नवा दोन ओळींचा लिहून पाठवला. त्या मुलीचं लगेच उत्तर आलं, ‘नोटेड, मॅम’. हक्काची रजा अशी दोन शब्दांत गेली. वाईट वाटलं. अजूनही बोईसरच्या खोलीत खिडकी लावून घेताना कधीकधी वाटतं.

कप खाली ठेवताना बाबांनी विचारलं, “ती बाय येवड्या लांबून आली, ती जेवली काय?”

मी विचारलंच नव्हतं. तीन तारखा झाल्या, मी तिला कधीच विचारलं नव्हतं. मी कोर्टाबाहेरच्या बाकाच्या एका टोकाला कोट मांडीवर घेऊन खाली बघत जेवत होते, तेव्हा ती कुठे होती, काय खात होती, मला माहीत नव्हतं. मी त्या अनोळखी नंबरवर फोन लावला. कोणी मुलगा होता. “वो मौसी? उनकी बस आ गई, चली गईं.” त्याला पुढचं काही माहीत नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. आता ती मनोरच्या रस्त्यावर कुठेतरी खिडकीशी बसलेली असणार होती, आणि रात्री शेजाऱ्याच्या फोनवर विचारून तिची दुपार भरून निघणार नव्हती.

पुढच्या तारखेला मी डबा दोघींचा नेला.